डाव्या पायाची गोष्ट

मंगळवार आणि शुक्रवार हे आमच्याकडे डायलिसिसचे वार. सकाळी साडेसहाला आईला गाडीत बसवायचं. पाठीशी उशी, मांडीवर शाल, माझ्या पर्समध्ये तिची फाईल. सिल्व्हर पार्कच्या सिग्नलवरून काशिमिरा नाका, तिथून हायवे, दहिसर आणि मग बोरिवली. म्हटलं तर नऊ-दहा किलोमीटरचा रस्ता. पण या भागात राहणाऱ्यांना ‘म्हटलं तर’चा अर्थ वेगळा सांगायला नको. डोक्यावर मेट्रोचा पूल, बाजूला त्याचे खांब, खांबांच्या मधून घुसणाऱ्या रिक्षा आणि पुढे हायवेला लागलं की गुजरातकडून आलेले ट्रक. २०२४ च्या ऑक्टोबरात छोट्या गाड्यांचा टोल माफ झाला तेव्हा मी पेढे आणले होते. टोल गेला, पण गर्दी गेली नाही.

रिक्षाने का जात नाही, असं बऱ्याचजणी विचारतात. अहो, मिरारोडची रिक्षा दहिसर चेकनाक्यापर्यंत. तिथे उतरायचं, पलीकडे चालत जायचं आणि मुंबईची रिक्षा पकडायची. चौऱ्याऐंशी वर्षांच्या बाईला, तेही डायलिसिसनंतर अंगात त्राण नसताना, हे कसं जमावं? अ‍ॅपवरची टॅक्सी येते तेव्हा येते. तर गाडी मी चालवते. गेली तीन वर्षं मीच चालवते आहे.

एका मंगळवारी मी क्लच मोजले. घरापासून हॉस्पिटलच्या गेटपर्यंत डावा पाय किती वेळा खाली जातो ते. एकशे त्रेसष्ट! शंभरानंतर ओठ हलायला लागले असावेत, कारण आई मागून म्हणाली, “काय पुटपुटतेस गं? रामरक्षा का?” मी म्हटलं, “हो.”

मोजायचं कारण माझा डावा गुडघा. जिना उतरताना कळ यायची, मांडी घालून बसलं की उठताना हात टेकावा लागायचा. पंचावन्नाव्या वर्षी हे सगळ्यांनाच होतं, असं म्हणून मी बाम लावत होते. पण क्लच दाबताना ती कळ गुडघ्यातून थेट मांडीपर्यंत जायला लागली, तेव्हा मात्र मनात चर्र झालं. कोणाला सांगितलं नाही. का नाही सांगितलं, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

आम्ही सिल्व्हर पार्कला राहायला आलो २००१ मध्ये, लालबागच्या दोन खोल्यांतून. तेव्हा इकडे मिठागरांचा वारा यायचा आणि संध्याकाळी सातनंतर रिक्षा मिळायची मारामार. २००७ मध्ये आमच्या ह्यांनी एक सेकंडहँड मारुती ८०० घेतली. ती चालवणार अर्थात हेच. मी शेजारी बसून खिडकीतून हात बाहेर काढायचा, एवढीच माझी कामगिरी. पण लेकीची शाळा, भाजी, सासऱ्यांचे दवाखाने हे सगळं मी पायी करायचे आणि गाडी खाली कव्हर घालून झोपलेली. एक दिवस मी मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये नाव घातलं. सदतीस वर्षांची होते. बॅचमधली बाकीची मुलं मला ‘काकी’ म्हणायची.

मैत्रिणींनो, ज्यांनी उशिरा गाडी शिकली त्यांना हे पटेल. स्टीअरिंग अवघड नाही, ब्रेक अवघड नाही. अवघड तो क्लच. इंजिन सारखं फिरत असतं आणि चाकांना मध्ये मध्ये थांबायचं असतं. या दोघांची गाठ सोडायची आणि पुन्हा बांधायची, हे क्लचचं काम. दाबला की गाठ सुटते, हळूहळू वर आणला की बांधली जाते. आणि ती बांधली जाण्याआधीचा जो एक क्षण असतो, गाडी किंचित थरथरते, बॉनेट जरासं उचलल्यासारखं होतं, तो हाफ क्लच. पुस्तकात वाचून तो कळत नाही. भाकरी कधी उलटायची हे जसं हाताला कळतं, तसं हे पायाला कळावं लागतं. मला कळायला दोन महिने लागले. तोपर्यंत सिल्व्हर पार्कच्या सिग्नलवर गाडी बंद पडणं आणि मागच्या सगळ्यांनी हॉर्न वाजवणं, हा माझा रोजचा कार्यक्रम. एक टेम्पोवाला तर खाली उतरून म्हणाला, “ताई, चावी मला द्या, पलीकडे लावून देतो.” मी चावी दिली नाही. ह्यांनी घरी सांगितलं, “तुला नाही जमायचं, उगाच क्लच प्लेट जाळशील.”

प्लेट जळली, हे खरंच. वासही अजून आठवतो. पण जमलं. घोडबंदर रस्त्यावर गायमुखच्या चढावर, पुढे ट्रक, मागे बस, अशा अवस्थेत गाडी इंचभरही मागे न जाऊ देता ज्या दिवशी उचलली, त्या दिवशी मी ठाण्याला बहिणीकडे पोचून तिच्या हातचा चहाही न पिता आधी ह्यांना फोन केला होता. म्हणून हा डावा पाय माझ्यासाठी नुसता पाय नव्हता. त्याने कमावलेलं ते सगळं होतं. तो दुखतोय हे मी कोणत्या तोंडाने सांगू?

आता लेकीकडे येते. ती सव्वीस वर्षांची, अंधेरीला नोकरीला, जाते लोकलने. पण वेड गाड्यांचं. २०११ मध्ये ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर फॉर्म्युला वनची शर्यत झाली, ती बाप-लेकीने टीव्हीसमोर बसून पाहिली आणि तेव्हापासून हे वेड लागलं ते लागलंच. गेल्या वर्षी तिने जाहीर केलं की पगारातून हप्ते भरून ती गाडी घेणार. साधी नाही. ‘स्पोर्टी’.

फ्रिजवर यादी चिकटली. ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन, एक लिटरचं टर्बो इंजिन, १२० पीएस. फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी, आपल्या चाकणला बनलेली, दीड लिटरची, १५० पीएस. टाटांची अल्ट्रोझ रेसर, जी २०२४ मध्ये आली ती फक्त मॅन्युअलमध्येच. प्रत्येकीपुढे लेकीने एक अक्षर लिहिलं होतं. ‘मॅ’ किंवा ‘पॅ’. मला वाटलं मॅ म्हणजे मॅडम आणि पॅ म्हणजे पप्पा! विचारलं तर म्हणाली, “मॅन्युअल आणि पॅडल शिफ्टर, आई.”

तर पॅडल शिफ्टर म्हणजे काय? स्टीअरिंगच्या मागे, दोन्ही बाजूंना, बोटं सहज पोचतील अशा दोन पट्ट्या. उजवीवर अधिकचं चिन्ह, डावीवर उण्याचं. उजवी ओढली की गिअर वर, डावी ओढली की खाली. क्लचचं पेडल नाहीच. गाडी तशी ऑटोमॅटिक, म्हणजे ‘डी’मध्ये टाकून दिली तर आपले आपण गिअर बदलते. पण चालवणाऱ्याला वाटलं तर या पट्ट्यांनी हुकूम सोडता येतो.

ही कल्पना आली शर्यतींतून. फेरारीसाठी जॉन बर्नार्ड नावाच्या इंग्रज डिझायनरने ती आणली. शर्यतीच्या गाडीत बसायची जागा इतकी अरुंद की गिअरच्या दांड्याला आणि तो हलवणाऱ्या हाताला जागा देणंसुद्धा महागात पडायचं. शिवाय दोनशेच्या वेगाने वळताना एक हात स्टीअरिंगवरून काढायचा, म्हणजे विचार करा! १९८९ च्या मोसमाची पहिली शर्यत ब्राझीलला होती. नायजेल मॅन्सेल फेरारीतून पहिल्यांदाच उतरणार होता आणि हा नवा गिअरबॉक्स सरावात इतका बिघडत होता की त्याने म्हणे लवकरच्या विमानाचं तिकीट काढून ठेवलं होतं. शर्यतीच्या मध्यात स्टीअरिंगसुद्धा बदलावं लागलं. आणि तो जिंकला! विमान अर्थातच चुकलं असणार. १९९७ मध्ये फेरारीने एफ३५५ या रस्त्यावरच्या गाडीत पट्ट्या दिल्या आणि मग हळूहळू त्या सगळीकडे झिरपल्या, अगदी आपल्याकडच्या मारुती फ्राँक्ससारख्या गाडीपर्यंत.

पण पट्ट्या सारख्या दिसल्या तरी पाठीमागचा कारभार सारखा नसतो, हे मला लेकीकडून कळलं आणि शोरूममधल्या मुलाला सांगता आलं नाही, म्हणून इथे सांगते. पट्टी म्हणजे नुसतं बटण. काम करणारा गिअरबॉक्स वेगळा. एक प्रकार डीसीटीचा, यात दोन क्लच असतात. एकाकडे एक-तीन-पाच-सात, दुसऱ्याकडे दोन-चार-सहा. तुम्ही तिसऱ्यात असता तेव्हा चौथा आधीच तयार बसलेला. एक क्लच सुटतो, दुसरा धरतो, डोळ्याचं पातं लवायच्या आत. २००३ मध्ये फोक्सवॅगनने तो पहिल्यांदा गोल्फ आर-३२ या बाजारातल्या गाडीत आणला. दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टरचा, यात गाठ तेलाच्या प्रवाहातून बांधली जाते, म्हणून मऊ. तिसरा सीव्हीटी. यात वेगवेगळे गिअर नसतातच, दोन पुलींवर फिरणारा पट्टा असतो. तरी त्यालाही कधी कधी पॅडल देतात आणि सात गिअर आहेत असं भासवतात. थापलेल्या वडीवर सुरीने रेघा मारल्यासारखं. वडी एकच, तुकडे आपण मानायचे. आणि एएमटी, जी २०१४ मध्ये सेलेरिओमुळे आपल्याकडे घरोघरी कळली, ती तर साधा मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच दाबायला माणसाच्या पायाऐवजी यंत्राचा पाय.

यंत्राचा पाय! त्या वाक्यावर मी जरा थांबले होते. लेकीच्या लक्षात आलं नाही.

लेकीचा कौल स्पष्ट होता. मॅन्युअल. “पॅडल म्हणजे व्हिडिओ गेम गं, आई. गिअर टाकायची मजाच वेगळी.” तिच्याकडे दाखलेही होते. पोर्शेने २०१३ मध्ये त्यांची ९११ जीटी३ ही गाडी फक्त पॅडलवर काढली. ती पहिल्यापेक्षा वेगवान होती, तरी चाहते चिडले. मग २०१६ मध्ये ९११ आर नावाची मर्यादित संख्येतली गाडी मॅन्युअलमध्ये काढली आणि २०१७ मध्ये जीटी३ लाही क्लच परत दिला. म्हणजे वेग कमी चालेल, पण काम आमच्या हातापायांना द्या, असं म्हणणारी माणसं जगात आहेत. मला ती माणसं आवडली. पाट्यावरची चटणी खाऊन वाढलेल्या माणसाला मिक्सरची चटणी चटणी वाटत नाही, तसंच हे.

मी हो म्हटलं. मॅन्युअल घे, छान आहे, लाखभर रुपयेही वाचतील. गुडघ्याबद्दल चकार शब्द काढला नाही. खरं सांगायचं तर तिचं ऐकून मला अभिमानच वाटत होता. शोरूममध्ये (कुठल्या ते जाऊ दे) सेल्समनने आम्हा दोघींकडे बघून सरळ सांगितलं होतं, “मॅडम, लेडीजसाठी ऑटोमॅटिक बेस्ट.” ह्यांचे एक मित्रही म्हणाले, “पोरगी आहे, ऑटोमॅटिकच घ्या.” त्यावर लेक जी तडकली! “आता तर मॅन्युअलच,” म्हणाली. मला २००७ सालातला टेम्पोवाला आठवला. आईने चावी दिली नव्हती, लेकही देणार नव्हती.

आणि मग गायमुखचा तोच चढ.

गौरींना बहिणीकडे निघालो होतो. आमची वॅगन आर, मागे आई, डबे, फुलं. पाऊस बारीक लागलेला. पुढे ट्रक थांबला, मीही थांबले. ट्रक हलला. मी पहिला गिअर टाकला, क्लच वर आणायला लागले आणि गुडघ्यात अशी कळ आली की पाय पेडलवरून सुटलाच. गाडीने आचका दिला, बंद पडली आणि मागे जायला लागली. आरशात मला दुचाकी दिसली. नवरा, बायको आणि मध्ये रेनकोटातलं पोर. हँडब्रेक कसा ओढला ते मला आठवत नाही. गाडी थांबली तेव्हा आमच्यात हातभर अंतर उरलं होतं. तो दुचाकीवाला काही बोलला नाही. नुसता बघत राहिला. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

आई म्हणाली, “काय झालं गं?” मी म्हटलं, “काही नाही, खड्डा.” चौऱ्याऐंशी वर्षांच्या आईला मी खोटं बोलले. ते पोर आठवून रात्रभर झोप लागली नाही. सकाळी चहाच्या वेळी लेकीला आणि ह्यांना सगळं सांगितलं.

लेक खूप चिडली. “किती दिवस दुखतंय?” “सहा-सात महिने.” “आणि तू आजीला घेऊन जातेस? दर मंगळवारी?” मग ती उठून आत गेली. हे म्हणाले, “मी नेईन आईंना.” पण ह्यांची डोळ्यांची शस्त्रक्रिया झाल्यापासून पहाटेच्या अंधुक उजेडात आणि समोरच्या दिव्यांत ह्यांना त्रास होतो, हे आम्हा दोघांनाही माहीत आहे. ड्रायव्हर ठेवायचा तर पहाटे येणारा, भरवशाचा हवा. दोन ठेवून पाहिले होते, दोघेही महिनाभर टिकले नाहीत.

ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एक्स-रे लावून बघितला. गुडघ्याची झीज. व्यायाम सांगितले, वजन उतरवा म्हणाले आणि क्लच कमी करा. मी विचारलं, “कमी म्हणजे किती?” ते हसले. बहुधा बायकांनी हा प्रश्न विचारायची त्यांना सवय नसावी.

संध्याकाळी घरी आले तर फ्रिजवरच्या यादीत ‘मॅ’वर काट मारलेली.

मी भांडले. तुझे पैसे, तुझे हप्ते, तुझी हौस, माझ्या गुडघ्यापायी का सोडतेस म्हणून. शिवाय आतून मला ते लागलंही होतं. शेवटी लेडीजसाठी ऑटोमॅटिकच, असं त्या सेल्समनला म्हणायची संधी आपणच द्यायची! लेक म्हणाली, “आई, मी गाडी चालवणार रविवारी. तू मंगळवारी आणि शुक्रवारी. मग गाडी कोणाच्या पायाला बघून घ्यायची?” आणि मग फोनवर मला एक व्हिडिओ दाखवला. पुण्याची डायना पंडोले. दोन मुलांची आई. २०२४ मध्ये चेन्नईजवळच्या मद्रास सर्किटवर एमआरएफच्या सलून गटात तिने राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं, असं करणारी पहिली भारतीय स्त्री. पुढे ती फेरारीच्या २९६ चॅलेंज गाडीतूनही शर्यतीत उतरली. “बघ तिच्या स्टीअरिंगला. पॅडल्स. हिला सांगायला सांग त्या सेल्समनला, लेडीजची गाडी म्हणून.”

गंमत बघा, जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांत क्लचचं पेडल दाबत गिअरचा दांडा हलवणारं आता फारसं कोणी राहिलेलं नाही. तरी आपल्याकडे पुरुषपणाचा शिक्का अजून त्या दांड्यालाच आणि बायकांचा पट्टीला. हा हिशोब कोणी केला कोण जाणे.

दोन्ही गाड्या एकापाठोपाठ चालवून बघितल्या. आधी मॅन्युअल. ती इतकी हलकी आणि चपळ होती की पहिल्या पाच मिनिटांत मी लेकीला मनातल्या मनात माफी मागितली. दुसऱ्यातून तिसरा टाकताना दांडा लोण्यातून फिरावा तसा फिरला. मग पॅडलवाली. इथे माझी फजिती झाली. सिग्नल आला, सवयीने डावा पाय क्लच शोधत खाली गेला. क्लच नव्हताच. होता तो रुंद ब्रेक. अठरा वर्षांचा सगळा जोर त्या ब्रेकवर पडला आणि सेल्समन पुढे डॅशबोर्डपर्यंत जाऊन आला. पट्टा लावला होता म्हणून बरं. (त्याने त्यानंतर ‘लेडीज’ हा शब्द वापरला नाही, एवढं मात्र खरं.) ज्या मॅन्युअलवरून ऑटोमॅटिकवर जाणार असतील त्यांना म्हणून सांगते, पहिला आठवडा डावा पाय मागे ओढून, अगदी सीटखाली मुडपून ठेवा. मी चप्पलसुद्धा काढून ठेवायचे, त्याला काम नाही हे त्याला कळावं म्हणून.

गाडी आली दिवाळीच्या आधी. नाव सांगत नाही, नाहीतर जाहिरात वाटेल. दोन क्लचवाली आहे, सात गिअर, स्टीअरिंगमागे दोन पट्ट्या.

पहिल्या मंगळवारी आई बोरिवलीला पोचल्यावर म्हणाली, “आज रामरक्षा नाही म्हटलीस?”

खरं तर त्या पट्ट्यांना गर्दीत काही काम नसतं. ‘डी’मध्ये टाकायचं आणि ब्रेकवरून पाय उचलला की गाडी आपोआप मुंगीच्या पावलाने पुढे सरकते. तेवढं लक्षात ठेवायचं. ही गाडी ‘थांबलेली’ नसते, ‘थांबवलेली’ असते. फोन बघायला मान वळवली आणि पाय सैल पडला की पुढच्याच्या बंपरवर. आणि चढावर ब्रेकच धरायचा. अ‍ॅक्सिलरेटरवर तोलून धरायची मॅन्युअलची सवय इथे चालत नाही, आतले क्लच तापतात. कोरडे क्लच असतील तर जास्तच. म्हणजे प्लेट जाळण्याची सोय इथेही आहे!

पट्टीचा खरा उपयोग कळला तो कसाऱ्याला. नणंदेकडे नाशिकला गेलो होतो. समृद्धीचा शेवटचा टप्पा २०२५ च्या जूनमध्ये खुला झाल्यापासून इगतपुरीहून बोगद्यातून सरळ खाली येता येतं. पण लेकीला घाटच हवा होता. उतारावर चालवायला मला बसवलं. ‘डी’मध्ये गाडी सुसाट सुटायला लागली, मी ब्रेकवर ब्रेक. “डावी पट्टी ओढ,” लेक म्हणाली. ओढली. चौथा. पुन्हा ओढली. तिसरा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडी आपली आपण आवरली, कोणीतरी मागून पदर धरावा तशी. हे मला ओळखीचं होतं. उतारावर गाडी गिअरवर उतरवायची, ब्रेक तापवायचा नाही, हे मोटार ट्रेनिंग स्कूलच्या मास्तरांनी शिकवलेलं. तेव्हा त्यासाठी पाय, हात, कान तिन्ही लागायचे. आता मधलं एक बोट. खाली लतीफवाडीपर्यंत मी मोजून चार वेळा ब्रेक लावला असेल.

पण एक आहे. मी आणखी एकदा ओढून बघितली, दुसरा गिअर मागितला. गाडीने टुंग असा आवाज केला आणि दिलाच नाही. वेग जास्त होता, इंजिनाला सोसला नसता, म्हणून. बरोबरच आहे. पण तेव्हा कळलं की पट्टी हा हुकूम नाही, अर्ज आहे. मंजूर करणारा आत बसलेला दुसराच कोणीतरी. माझ्या ८०० ने मला कधी नाही म्हटलं नव्हतं. चूक केली तर किंचाळायची, पण करू द्यायची.

लेकीला विचारलं, रविवारी पहाटे फिरून आलीस की मजा येते का? खोटं बोलत नाही ती. “येते. पण बोटांना येते, आई. अख्ख्या अंगाला येत नाही.” आणि मग जरा वेळाने, “वॅगन आर विकायची आहे का खरंच?”

हा प्रश्न अवघड. आमच्या सोसायटीत एका घराला पार्किंग एक. दुसरी गाडी रस्त्यावर लावायची तर रस्त्यावर मेट्रोच्या कामापासून जागा ती काय उरली आहे! गाडी २०१३ ची. २०२८ ला पंधरा वर्षं होतील, मग फिटनेस दाखवून पुन्हा नोंदणी. हे म्हणाले, विका. लेक म्हणाली, ठेवू या. आठ दिवस कोणी कोणाशी धड बोललं नाही.

शेवटी ती वसईला गेली, धाकट्या जाऊबाईंकडे. तिचं वय सत्तेचाळीस. घरात कोणाला न सांगता तिने लर्निंग लायसन्स काढलं होतं, आम्हाला सांगितलं तेव्हा दीर तोंड उघडं टाकून बघत राहिले. गेल्या बुधवारी रात्री दहाला तिचा फोन आला.

“ताई, झोपलात का? एक विचारू? ते हाफ क्लच म्हणजे नक्की किती हो? मास्तर म्हणतात अर्धा, पण अर्धा कुठून मोजायचा?”

मी सांगायला लागले. आधी पूर्ण दाब, मग टाच जमिनीला टेकव, आणि हळूहळू... ह्यांनी पेपरातून डोकं वर काढून माझ्याकडे बघितलं. मी सोफ्यावर बसले होते आणि माझा डावा पाय फरशीवर हळूहळू वर येत होता.

“थरथरली का? थांब, तिथेच थांब,” मी फोनवर म्हणत होते, “आता ब्रेक सोड.”